दोन नंबरचा पिस्टन

जाम झालेल्या इंजिनाबद्दल प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो ‘सुटेल का?’ असा. मला वाटतं, त्याआधी विचारायला हवं की यातलं नेमकं अडलंय काय. क्रँक, म्हणजे पिस्टनांच्या वर-खाली होण्याने फिरणारा मुख्य दांडा, फिरत नाही म्हणून आतला प्रत्येक भाग चिकटलेला असतो असं नाही. बहुतेक वेळा दोन-चार जागांनी घट्ट धरून ठेवलेलं असतं आणि बाकीचं इंजिन त्यांच्यापायी थांबलेलं असतं. त्या जागा ओळखल्याशिवाय जोर लावला, की तो जोर चांगल्या भागांवर जातो आणि मग रॉड वाकतात, दाते तुटतात, बिडाला तडे जातात.

माझ्या हाती आलेली गाडी होती मॉरिस ऑक्सफर्ड, सिरीज ३. तिच्यात बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन. एमजीए या स्पोर्ट्स गाडीत सुरुवातीला हेच होतं आणि अॅम्बॅसेडरमध्येही ते वर्षानुवर्षं बसत राहिलं. चार सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७३ मिलिमीटरच्या किंचित वर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८८.९ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, तेही बिडाचंच, पिस्टन अॅल्युमिनियमचे. गाडी कित्येक वर्षं एका जागी उभी होती. मधल्या काळात कुणीतरी कार्बोरेटर काढून नेला होता आणि मॅनिफोल्डचं, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीचं, तोंड उघडंच ठेवलं होतं. सायलेन्सर सडून त्याला भोकं पडली होती. म्हणजे दोन्ही बाजूंनी दमट हवेला आत जायला वाट मोकळी.

सोबतीला माझे मामा होते. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. त्यांनी हँडल लावून एकदाच हलका दाब दिला, काही हललं नाही, आणि हँडल काढून बाजूला ठेवलं. “याला आता हात लावायचा नाही,” एवढंच म्हणाले.

आधी इंजिनाबाहेरचे संशयित तपासले. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, हे पाहिलं. पंख्याचा पट्टा काढला, कारण डायनमो किंवा पाण्याचा पंप गंजून बसला असेल तरी क्रँक जड लागतो. पंप खरंच जड फिरत होता, पण पट्टा काढल्यावरही इंजिन जागचं हललं नाही. मग स्टार्टर. या काळातल्या ल्युकासच्या स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) कधीकधी फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकून बसतं आणि अख्खं इंजिन जाम झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी स्टार्टरच्या शाफ्टच्या मागच्या टोकाला चौकोनी भाग दिलेला असतो. झाकण काढून त्याला पाना लावला की पिनियन मागे फिरवता येतं. आमचा स्टार्टर मोकळाच होता. तो काढूनच ठेवला, कारण पुढे त्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावता येते. हँडलने फक्त एकाच दिशेला जोर लागतो, इथून मात्र दोन्ही दिशांना थोडं थोडं डोलवता येतं.

ऑइल चेंबरचा बूच उघडला तेव्हा आधी पाणी आलं, मग दुधाळ चिखल, आणि शेवटी काळं तेल. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून तळाशी. हे पाहून मला धीरच आला. पाणी तळाशी पोचलं होतं म्हणजे ते कुठल्यातरी पिस्टनच्या बाजूने झिरपलं असणार, आणि जिथून पाणी झिरपतं तिथे पिस्टनभोवतीच्या रिंगा गंजाने पूर्ण बंद झालेल्या नसतात.

प्लग सहज निघाले. बिडाच्या हेडात पोलादी प्लग असल्याचा हा फायदा. अॅल्युमिनियमचं हेड असतं तर आटे धरून प्लगबरोबर बाहेर आले असते. प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून ५०-५० मिलिलिटर मिश्रण सोडलं: ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि अॅसिटोन, निम्मं-निम्मं. हे दोन द्रव एकमेकांत नीट मिसळत नाहीत, ठेवले की वेगळे होतात, त्यामुळे ओतण्यापूर्वी बाटली जोरात हलवावी लागते. अॅसिटोन उणे २० अंश सेल्सियसच्या आसपासही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं. दार उघडं, ठिणगी उडवणारं काहीही जवळ नाही, असंच ते वापरायचं. या मिश्रणाने गंज विरघळत नाही, तसा समज मात्र बराच पसरलेला आहे. ते पातळ असतं म्हणून फटीत शिरतं, अॅसिटोन उडून जातं आणि मागे तेल राहतं. बाटलीवर कुठलं नाव आहे यापेक्षा तुम्ही किती थांबता आणि मधेमधे किती हलके ठोके देता, यावर जास्त अवलंबून असतं.

या मिश्रणाचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो तपासणीसाठी. दुसऱ्या दिवशी प्लगच्या भोकातून बारीक तार घालून प्रत्येक सिलिंडरमधली पातळी मोजली. एक आणि तीन नंबरमधला द्रव खाली उतरून गेला होता. चार नंबरमध्ये थोडा उरला होता. दोन नंबरमध्ये जितका ओतला जवळजवळ तितकाच उभा होता. तिथे रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंजाने इतकं घट्ट बूच बसवलं होतं की पातळ द्रवालाही वाट मिळत नव्हती.

मग रॉकर कव्हर, म्हणजे हेडवरचं व्हॉल्व्ह झाकणारं झाकण, काढलं, आणि इथे हे इंजिन स्वतःच बोलायला लागलं. पुढून मागे मोजत गेलं तर या हेडात आठ व्हॉल्व्ह या क्रमाने असतात: एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट, एक्झॉस्ट, इनलेट, इनलेट, एक्झॉस्ट. त्यातला चौथा आणि सातवा दाबलेले दिसत होते. चौथा म्हणजे दोन नंबर सिलिंडरचा एक्झॉस्ट, सातवा म्हणजे चार नंबरचा इनलेट. फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-४-२ आहे. एक नंबर पॉवर स्ट्रोकवर असेल तेव्हा तीन नंबर कॉम्प्रेशनवर असतो, चार नंबर हवा ओढत असतो आणि दोन नंबर धूर बाहेर टाकत असतो. शेवटचं बंद केलं तेव्हा इंजिन नेमकं अशा ठिकाणी थांबलं होतं. एक आणि तीनचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, त्यामुळे ते सिलिंडर झाकलेले. चार नंबर उघड्या मॅनिफोल्डकडे, दोन नंबर सडलेल्या सायलेन्सरकडे तोंड उघडून बसलेले. हेड अजून जागेवरच होतं, पण आत कुठे काय असणार ते कागदावर लिहून ठेवता आलं: दोन सगळ्यात वाईट, त्याखालोखाल चार, एक आणि तीन बरे. तारेने मोजलेल्या पातळ्याही तेच सांगत होत्या. दोन वेगळ्या वाटांनी एकच उत्तर आलं की मग पुढचं काम निर्धास्तपणे करता येतं.

इंजिन गाडीतून काढून स्टँडवर घेतलं. त्याआधी मॅनिफोल्ड काढावे लागले. त्याच्या स्टडवर (डोकं नसलेल्या, एका टोकाने आत बसवलेल्या बोल्टवर) पितळी नट असतात, पोलादी स्टडशी ते गंजून एकजीव होत नाहीत, म्हणून सगळे सुखरूप निघाले. ज्या कुणी तिथे पितळ वापरायचं ठरवलं त्याचे मनापासून आभार.

हेडचं काम मात्र सावकाश करावं लागलं. या इंजिनाला हेडचे ११ नट आहेत आणि त्यातले ४ रॉकर शाफ्टच्या (व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर बसतात त्या दांड्याच्या) आधारांवरून बसतात. नुसता रॉकर शाफ्ट काढायचा म्हणून ते चारच ढिले केले तर हेडवरचा दाब एका बाजूचा जातो आणि हेड वाकू शकतं. म्हणून आधी पाणी पूर्ण काढून टाकायचं आणि मग अकराही नट क्रमाने, प्रत्येक वेळी थोडेथोडे ढिले करायचे. रॉकर शाफ्ट उचलला तेव्हा सातवा व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने टक्कन मिटला. चौथा तसाच उघडा राहिला. म्हणजे पिस्टनबरोबर तोही आपल्या गाइडमध्ये, दांडी सरकते त्या नळीत, अडकलेला. एक जागा यादीत वाढली.

पुशरॉड, म्हणजे खालून रॉकरला ढकलणाऱ्या बारीक दांड्या, काढताना ते सरळ वर ओढायचे नाहीत. खालच्या टॅपेटमध्ये (कॅमवर बसून पुशरॉड उचलणाऱ्या वाटीत) तेल असतं आणि त्या ओढीने टॅपेटही वर येऊन तिरका अडकू शकतो. रॉड आधी बोटांनी फिरवायचा, टॅपेटपासून सुटला की मग उचलायचा. एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून मी ते क्रमाने खोचून ठेवले.

नट निघाले तरी हेड निघत नव्हतं. साधारण अशा वेळी लोक प्लग परत लावून स्टार्टर मारतात, कॉम्प्रेशननेच हेड उचललं जातं. किंवा प्लगच्या भोकातून दोरी भरून पिस्टनने ती वर ढकलतात. आमचा क्रँकच फिरत नव्हता, त्यामुळे दोन्ही उपाय बाद. हेड आणि ब्लॉकच्या मधे छिन्नी घालायची तर मुळीच नाही. तिथे पडलेला एक ओरखडासुद्धा पुढे गॅस्केटमधून पाणी गळायला पुरतो.

हेडला धरून ठेवणारे होते ते स्टड. हेडमधल्या भोकात आणि स्टडभोवती साचलेला गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून जिथे आधी मोकळी फट होती तिथे गंज चढला की फट भरून वर दाबही तयार होतो. उपाय म्हणजे एकेक स्टड काढत जायचं. स्टडवर दोन नट चढवून ते एकमेकांवर आवळायचे आणि खालच्या नटाला पाना लावून स्टड फिरवायचा. फिरवायचा म्हणजे नुसता उलटा नाही. पाव वळसा ढिला, तेल, परत थोडा आवळा, मग पुन्हा ढिला. गंजाची भुकटी आट्यांत अडकते. एकाच दिशेला ओढत राहिलं तर तीच भुकटी पाचरीसारखी बसते आणि स्टड पिळून तुटतो.

मागच्या कोपऱ्यातला एक स्टड तरीही नटाखाली तुटला. जेमतेम नखाएवढा भाग हेडच्या वर राहिला. इथे बरेच जण ईझी-आउट, म्हणजे तुटका स्टड आतून पकडून फिरवायचं उलट्या आट्यांचं हत्यार, काढतात. मामांनी ते हत्यार पेटीतून कधी बाहेरच काढलं नाही. ते कडक पोलादाचं असतं, आत तुटलं की साध्या ड्रिलने पोखरता येत नाही, आणि मग मूळ अडचण परवडली असं होतं. त्यांनी वेल्डिंगचा मार्ग धरला. पण त्याआधी सिलिंडरमधला सगळा द्रव सिरिंजने ओढून काढला, चिंध्या बाहेर नेऊन ठेवल्या, आणि इंजिन पंखा लावून उघड्यावर ठेवलं. “आज नाही, उद्या,” म्हणाले. मी घाई करत होते, पण अॅसिटोनच्या वाफा राहिलेल्या बोअरशेजारी ठिणगी पाडणं म्हणजे जिवाशी खेळ. दुसऱ्या दिवशी अग्निशामक हाताशी ठेवूनच काम सुरू झालं. तुटक्या स्टडवर वॉशर ठेवला, त्यावर एक मोठा नट, आणि नटाच्या भोकातून आतल्या आत वेल्डिंग भरलं. लालपणा जाऊन नट काळा पडेपर्यंत थांबलो आणि मग स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून फटीत ओढलं गेलं. पान्याला हलका ताण देताच स्टड करकरत फिरला.

इथे उष्णतेचं काम काय असतं ते समजून घेण्यासारखं आहे. पोलाद आणि बीड तापल्यावर जवळजवळ सारखेच फुगतात. अॅल्युमिनियम मात्र त्यांच्या सुमारे दुप्पट फुगतं. अॅल्युमिनियमच्या हेडात अडकलेला स्टड सोडवताना सगळं एकत्र तापवलं तरी भोक स्टडपेक्षा मोठं होतं. बिडात तसं होत नाही. तिथे फक्त स्टड तापवायचा, तो फुगून गंजाला चिरडतो, आणि गार झाला की आकसून मोकळा होतो. म्हणून गार होण्याची वाट पाहणं हा कामाचाच भाग आहे.

शेवटचा स्टड निघाल्यावर हेडच्या कडेला लाकडी हातोडीचे चार-सहा ठोके पुरले. खालच्या गॅस्केटबद्दल एक सूचना. या काळातली हेड गॅस्केट तांब्याच्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस घालून बनवलेली असत. ती कोरडी खरवडायची नाही, तारेचा ब्रश तर लावायचाच नाही. आम्ही पाणी फवारून ती ओली केली, मास्क लावून उचलली आणि पिशवीत बंद केली.

आत जे दिसलं ते कागदावरच्या यादीबरहुकूम होतं. एक आणि तीनच्या भिंती चकचकीत, तेलाचा तवंग असलेल्या. चारमध्ये पिस्टनच्या वर लालसर पट्टा. दोनमध्ये भिंत कुठली आणि गंज कुठला ते कळेना, वर भुसभुशीत थर. हेडच्या पृष्ठभागापासून पिस्टन किती खोल आहेत ते मोजलं. एक आणि चार सुमारे २७ मिलिमीटरवर, दोन आणि तीन सुमारे ७१ मिलिमीटरवर. या इंजिनात एक-चार आणि दोन-तीन या जोड्या एकत्र वर-खाली होतात.

ऑइल चेंबर काढून इंजिन उलटं केलं. बिग एंडच्या (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) कॅप एकेक करून सोडवल्या, आणि प्रत्येक कॅप सुटल्यावर क्रँक हलतो का ते पाहिलं. एक आणि तीन सुटले, क्रँक हलेना. दोन सुटला तरी नाही. चार सुटल्याबरोबर क्रँक एका बोटाने फिरला. मला तो क्षण फार मोठा वाटला. मेन बेअरिंग चांगले होते, कॅमशाफ्ट चांगला होता. ‘जाम इंजिन’ आता दोन पिस्टन, एक व्हॉल्व्ह आणि कदाचित काही टॅपेट, एवढंच उरलं होतं.

एक आणि तीनचे पिस्टन खालून लाकडी दांड्याने ढकलून वर काढले. बोअरच्या वरच्या टोकाला रिंग पोचत नाही तिथे झिजेची कड उभी असते. ती आधी घासून काढली, नाहीतर वर येताना रिंगा तिथे अडकून तुटतात. या इंजिनाचे रॉड पिस्टनसकट वरूनच काढावे लागतात, खालून क्रँकमुळे वाट नाही. बिग एंड तिरका कापलेला आहे तो याचसाठी, म्हणजे रॉडचं ते टोक बोअरमधून पार होतं.

चार नंबरसाठी नियम साधा होता: गंज ज्या बाजूला आहे त्याच्या उलट दिशेला पिस्टन आधी हलवायचा. गंज वर होता, खालची भिंत स्वच्छ होती, म्हणून आधी खाली. क्रँक फिरवून चार नंबरची क्रँकपिन तळाला नेली, तिच्यावर जाड कापड गुंडाळलं, म्हणजे रॉड खाली उतरला तरी पिनला ओरखडा जाणार नाही. मामांनी लेथवर ७२ मिलिमीटर व्यासाचा सागवानी ठोकळा काढून दिला. पिस्टनच्या माथ्यावर तो बसवला, म्हणजे ठोका मधोमध न पडता पूर्ण माथ्यावर पसरतो. पिस्टनचा माथा मधे पातळ असतो, तिथे थेट हातोडी मारली तर तो फुटतो. ठोके हलके, पण पुष्कळ. “हातोडीला ऐकू दे,” असं मामा म्हणायचे. अडकलेल्या पिस्टनवर ठोका बद्द वाजतो, सुटायला लागला की आवाज बदलतो. आधी सुईच्या टोकाएवढा खाली सरकला. मग रिंगांच्या कडेने ग्रीसची वळी दिली, भुकटी धरून ठेवायला, आणि वरची भिंत होनच्या (बोअर घासायच्या हत्याराच्या) दगडाने साफ केली. भुकटी पुसली, तेल सोडलं, आणि खालून वर ढकलला. एका रिंगचे दोन तुकडे झाले होते, बाकी पिस्टन चांगला.

आता दोन नंबर. ठोकळा आणि हातोडीला त्याने दाद दिली नाही. डिझेलमध्ये भिजवला, ठोकला, पुन्हा भिजवला. जास्त जोराने मारण्याचा मोह होतो, पण तिथे मामा ठाम होते: जोर वाढवायचा असेल तर तो मोजता यायला हवा. हातोडीचा जोर मोजता येत नाही.

म्हणून ग्रीस. ७३ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे ४२ चौरस सेंटिमीटर भरतं. त्यावर ५० बार दाब (साधारण हवेच्या दाबाच्या पन्नासपट) दिला तर माथ्यावर दोन टनांहून जास्त भार पडतो, तोही सगळीकडे सारखा, झटका न देता. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या मिश्रणाचा दाबही याच घरात जातो, त्यामुळे बोअरच्या भिंतीला हे ओझं नवीन नाही. हाताने चालवायची ग्रीस गन याच्या कितीतरी पट दाब देऊ शकते. म्हणूनच नळीत दाबमापक बसवणं आम्ही सक्तीचं मानलं आणि ५० ही वरची मर्यादा ठरवली.

वीस मिलिमीटर जाडीची लोखंडी पाटी, तिला दोन नंबर सिलिंडरभोवतीच्या स्टडसाठी भोकं, मधोमध ग्रीसचा निपल. पाटीखाली दाट रबराचा तुकडा. नवे स्टड लावून ती आवळली. त्याआधी बोअर हाताने ग्रीसने काठोकाठ भरलं. ७१ मिलिमीटर खोलीत जवळजवळ ३०० घनसेंटिमीटर ग्रीस मावतं आणि गनच्या एका दाबात जेमतेम एखादा घनसेंटिमीटर बाहेर पडतो, शिवाय आत हवा राहता कामा नये. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी शक्ती साठवून ठेवते. पिस्टन अचानक सुटला तर हवा तो भिरकावून देते. ग्रीस जवळजवळ दबतच नाही, पिस्टन केसभर हलला की दाब लगेच पडतो. म्हणून अडकलेला पिस्टन सोडवायला कॉम्प्रेसरची हवा वापरणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन की हे करू नका. ग्रीसचाही एक धोका आहे. सांध्यातून उच्च दाबाची बारीक धार सुटली तर ती कातडीतून आत शिरते आणि जखम वरून लहान दिसली तरी थेट शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येते. गळतीवर बोट ठेवायचं नाही, नळीवर जाड फडकं टाकून, चष्मा लावून काम करायचं.

पहिल्यांदा २० बारवर थांबलो. काटा स्थिर. ब्लॉकच्या बाहेरून, बोअरच्या उंचीवर, लाकडाने हलके ठोके दिले. ३० वर नेलं आणि तसंच ठेवलं. काटा हळूहळू थोडा उतरायचा, परत भरायचा. रबराखालून थेंबभर ग्रीस आलं, पाटी अजून आवळली. ४० च्या पुढे गेल्यावर मी गन दाबत होते आणि मामा बोटांनी ब्लॉक चाचपत होते. गनचा दांडा एकदम हलका झाला, काटा शून्याकडे पडला, आणि आतून दबका आवाज आला. आधी वाटलं रबर फाटलं. बाहेर कुठेच ग्रीस नव्हतं. खालून टॉर्च लावून पाहिलं तर पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे त्याचा खालचा घेर, बोअरच्या खालच्या कडेकडे सरकलेला दिसला.

“सुटला गं,” मामा म्हणाले, आणि स्टूल ओढून बसले.

क्रँकपिन तळाला नेलेली होती, त्यामुळे खाली जायला १७ मिलिमीटर जागा होती. त्यातले दहाएक मिलिमीटर वापरले आणि थांबलो. पाटी काढली, ग्रीस चमच्याने उपसलं, भिंत होनने साफ केली. त्या भिंतीवर चार नंबरपेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला. मग खालून सागवानी दांड्याने तो वर आला, करकरत पण आला. तिन्ही कॉम्प्रेशन रिंगा खाचांतच राहिल्या होत्या, गंज आणि कार्बनने गच्च बसलेल्या. त्या तुकड्या-तुकड्यांनीच निघाल्या. तो पिस्टन परत वापरता येणार नाही, याचं वाईट वाटलं नाही. बोअर आणि ब्लॉक वाचले होते.

उरलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह काढताना एक गोष्ट फार महत्त्वाची. स्प्रिंग दाबून, वरची क्लिप आणि लॉक काढल्यावर व्हॉल्व्हच्या दांडीचं टोक बोटाने चाचपून पाहा. रॉकरच्या ठोक्यांनी ते फुलून कडा बाहेर आलेल्या असतात. तशीच दांडी गाइडमधून ठोकली तर त्या कडा गाइडचं भोक ओरबाडत खाली जातात. आधी कानशीने टोक साफ केलं, दोन्ही बाजूंनी तेल सोडून ठेवलं, मग पितळी दांड्याने ठोकून तो काढला.

टॅपेटांचं दुखणं मात्र निराळं निघालं. या इंजिनाच्या डाव्या बाजूला दोन झाकणं आहेत, ती काढली की टॅपेट समोर दिसतात. सहा बोटांनी उचलले, दोन हलेनात. मी आधी त्यांनाही गंजाचाच उपचार करत होते, तेल आणि हलके ठोके. मामांनी एकावर नख घासलं आणि पिवळट, राळेसारखा थर दाखवला. तो गंज नव्हता, वाळून घट्ट झालेलं जुनं तेल होतं. गंज फोडावा लागतो, हा थर विरघळवावा लागतो. तिथे ठोक्यांचा उपयोग शून्य, आणि अॅसिटोनचा मात्र खरा उपयोग. बोळ्याने अॅसिटोन लावलं, मग ते पूर्ण उडून गेल्यावर गरम हवेच्या यंत्राने ब्लॉकचा तेवढा भाग कोमट केला, आणि टॅपेट डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिले. दोन्ही निघाले. तेही आपापल्या नंबराने डबीत ठेवले, कारण प्रत्येक टॅपेटचा तळ त्याच्याच कॅमवर घासून बसलेला असतो आणि त्यांची अदलाबदल केली तर कॅम लवकर खराब होतो.

बोअर गेजने मोजल्यावर दोन नंबरच्या भिंतीत खड्डे सापडले. पिस्टन जिथे बसून होता त्याच्या लगेच वर, सगळ्यात खोल खड्डा सुमारे ०.३ मिलिमीटरचा. तो भिंतीच्या एका बाजूला असला तरी व्यासात दुप्पट काढावं लागतं. या इंजिनाला इंचाच्या १०, २०, ३० आणि ४० हजारांश वाढीव मापाचे पिस्टन मिळतात. २० हजारांश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, त्यात खड्डा पूर्ण जात नाही. ३० मध्ये जातो, आणि नंतर कधी पुन्हा बोअर करायची वेळ आली तर ४० शिल्लक राहतो. एक आणि तीनला बोअर करायची तशी गरज नव्हती, पण चारही सिलिंडर एकाच मापाचे ठेवायचे आणि पिस्टन एकाच सेटमधले, सारख्या वजनाचे घ्यायचे, असं ठरवून ब्लॉक बोअरिंगला दिला.